देवराईतला पाचोळा आणि आपल्या फडातले पाचट



आपल्या पत्रिकेत उसाच्या जाती, खतांच्या मात्रा, गाळपाचे आकडे आणि पहिल्या उचलीची चर्चा नेहमीच असते. या अंकात मात्र थोडी वाट वाकडी करून आम्ही तुम्हांला कोकणातल्या एका डोंगराकडे नेणार आहोत. डोंगर आहे वसई तालुक्यातल्या कामण गावचा. तिथे ना कारखाना, ना गाळप. मग उसवाल्यांनी तिकडे कशाला जावयाचे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेख संपेपर्यंत मिळेल, आणि ते थेट तुमच्या-आमच्या फडाच्या बांधापर्यंत येऊन पोचणारे आहे.

हल्ली सभा-संमेलनांतून एक बोलणे हटकून ऐकू येते. आपला धर्म मुळातच निसर्गाला मानणारा. आपण वडाला फेऱ्या घालतो, तुळशीला पाणी घालतो, नागोबाला लाह्या-दूध दाखवतो, नदीला आई म्हणतो. तेव्हा पर्यावरणाचे धडे आम्हांला कोणी देऊ नयेत! ऐकायला हे गोड वाटते. पण मग ज्या नदीची आपण ओटी भरतो तिच्यात उन्हाळ्यात मासे मरून वर का येतात? ज्या डोंगरावर देव बसला आहे, तो डोंगर उघडाबोडका का पडतो? उलट दुसऱ्या बाजूची मंडळी म्हणतात, हे सगळे अडाणी लोकांचे खूळ. झाडाचा आणि देवाचा संबंध काय? आमच्या मते ही दोन्ही बोलणी अर्धी आहेत. देवाच्या नावाने आपल्या लोकांनी रान राखले, ही गोष्ट खरी आहे. पण ते कसे राखले आणि कुठे ती राखण सुटली, हे नीट पाहिल्याशिवाय त्याचा आज उपयोग नाही.

पाणी उगवते तिथे शंकर

घाटावरच्या ऊसवाल्याने एकदा नकाशा पुढे घेऊन बसावे. भीमा उगम पावते ती भीमाशंकरी. गोदावरी त्र्यंबकेश्वरी, ब्रह्मगिरीच्या डोंगरात. कृष्णा महाबळेश्वरी. प्रवरा रतनगडावर, आणि खाली रतनवाडीत अमृतेश्वराचे जुने दगडी देऊळ. ज्या नद्यांच्या पाण्यावर महाराष्ट्रातला निम्म्याहून अधिक ऊस उभा आहे, त्यांच्या उगमाशी कोण बसला आहे? शंकर! हा काही योगायोग नव्हे. पूर्वीच्या माणसांनी पाणी जिथून निघते ती जागा ओळखली, तिथे देव मांडला आणि भोवतीच्या रानाला हात लावायचा नाही असे ठरवले. भीमाशंकरचे रान १९८५ साली सरकारने अभयारण्य केले. पण त्याआधी कित्येक पिढ्या ते देवाच्या धाकाने राहिलेले होते. आपले राज्यप्राणी शेकरू तिथे टिकले ते त्यामुळेच.

उजनीच्या धरणात पाणी किती टक्के झाले, हे आपण रोज सकाळी वर्तमानपत्रात बघतो. भीमाशंकरच्या रानात झाडी किती उरली, हे मात्र कोणी बघत नाही. वास्तविक दुसऱ्या आकड्यावर पहिला आकडा पुष्कळसा अवलंबून आहे.

कामणचा डोंगर

कामणलाही असाच शंकर आहे. मुंबईच्या कामावरून परतताना आमच्यापैकी काहीजण पावसाळ्यात त्या भागात फिरून आले. वसई रोडवरून दिव्याकडे जाणाऱ्या मार्गावर कामण रोड हे स्टेशन लागते. महामार्गावरच्या चिंचोटी नाक्यावरून भिवंडीकडे फुटणारा रस्ताही कामणवरूनच जातो. एका अंगाला खाडीची सखल जमीन, दुसऱ्या अंगाला एकदम उठलेला डोंगर. त्यातच कामणदुर्ग हा जुना किल्ला, जवळच चिंचोटीचा धबधबा, आणि त्याच डोंगररांगेत तुंगारेश्वराचे स्थान. उंची दोन हजार फुटांच्या आसपास. पण समुद्राच्या पातळीवरून पाहिले म्हणजे तो चांगला दांडगा वाटतो.

परशुरामाची आणि विमलासुराची कथा या डोंगराशी जोडलेली आहे. परशुरामाने इथे शंकराची आराधना केली, असे त्या भागातले लोक सांगतात. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी इथे मोठी गर्दी होते. देवळाकडे जाणारी वाट ओढे ओलांडत रानातून वर चढते. साग, ऐन, कळंब, खैर, उंबर, बांबूची बेटे, खाली करवंदाच्या जाळ्या. पावसाळ्यात तर हिरव्याखेरीज दुसरा रंग दिसत नाही.

२००३ साली या डोंगराचे ८५.७० चौरस किलोमीटर क्षेत्र तुंगारेश्वर अभयारण्य म्हणून जाहीर झाले. दक्षिणेला मुंबईचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, उत्तर-पूर्वेला तानसा अभयारण्य, आणि मधला दुवा हा तुंगारेश्वर. बिबट्यासारखे जनावर एका रानातून दुसऱ्या रानात जाते ते याच वाटेने. हा दुवा तुटला तर दोन्ही बाजूंची जंगले बेटासारखी एकटी पडतील. याच डोंगराच्या पायथ्याशी पेल्हारचे धरण आहे आणि त्याचे पाणी वसई-विरारकडे जाते. शहर इतके वाढले की तेवढ्याने भागत नाही. सूर्या प्रकल्पाचे पाणी दुरून आणावे लागते. असे असूनही दारातल्या या डोंगराचे मोल किती जणांना कळले आहे, हा प्रश्नच आहे.

वसूबारस आणि वाघबारस

या डोंगराच्या कुशीत वारल्यांचे पाडे आहेत. वारली म्हटले की आपल्याला भिंतीवरची पांढरी चित्रे आठवतात. त्या चित्रांमागे जी दैवते आहेत ती मात्र आपल्याला ठाऊक नसतात. धरतीची धरतरी, धान्याची कणसरी, गाईगुरांची गावतरी, पावसाचा नारनदेव, हिरवा देव आणि वाघदेव. ज्यावर पोट चालते त्या प्रत्येकाला देवाचे नाव! या देवांना हिंदू म्हणावे की निराळे आदिवासी म्हणावे, असा वाद विद्वानांत चालतो. तो त्यांचा त्यांनी मिटवावा. रानाच्या काठाला राहणाऱ्या माणसाने देव कुठे पाहिला, एवढाच आपल्या कामाचा भाग आहे.

आश्विन वद्य द्वादशीला आपण घाटावर वसूबारस करतो. गाय-वासराची पूजा करून दिवाळी सुरू होते. त्याच दिवशी तिकडे वारल्यांची वाघबारस असते, आणि पूजा असते वाघदेवाची. आपण गाईला ओवाळतो त्याच दिवशी ते गाय खाणाऱ्याला नारळ देतात! वरवर पाहता हे उलटे वाटेल. पण विचार केला म्हणजे हिशोब पटतो. वाघ रानाचा धनी. गुरे त्याच्या रानात चरतात. वर्षातून एकदा त्याचा मान त्याला द्यावा, आणि त्याने आपली गुरे राखावीत, असा तो करार आहे. एखादे वासरू गेलेच, तर त्याचा सूड म्हणून रान पेटवायचे नाही. दगडावर किंवा लाकडी खांबावर कोरलेला वाघ, वर सूर्य-चंद्र, पुढे शेंदूर. अशी ठाणी त्या भागात जागोजाग आहेत. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत संशोधकांनी अशी सुमारे दीडशे ठाणी नोंदवली असून तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. बिबट्या आणि माणूस इतक्या दाटीवाटीने शेजारी राहतात, त्यात या जुन्या कराराचाही वाटा आहे, असे त्यांचे म्हणणे.

आता आपल्या उसाच्या फडातही बिबट्या येऊ लागला आहे. ऊस त्याला रानासारखाच दाट वाटतो आणि तिथेच तो पिल्ले घालतो. त्याच्याशी कसे वागावे याची चर्चा आपण फक्त पिंजरे आणि फटाके यांच्या भाषेत करतो. वारल्यांकडून या बाबतीत चार गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

देवराईचा कायदा

कोकणात देवरहाटी, मावळात देवराई, कुठे राई, कुठे देवाचे बन. नावे निराळी, वस्तू एकच. गावाने देवाला दिलेला रानाचा तुकडा. महाराष्ट्रात अशा दोन-अडीच हजार राया नोंदल्या गेल्या आहेत. कोणी काळकाईची, कोणी वाघजाईची, कोणी भैरोबाची, कोणी वेताळाची. काही राया चार-दोन गुंठ्यांच्या, काही पंचवीस-तीस एकरांच्या. आत शिरायचे तर वहाणा बाहेर. झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. गावाला अगदीच नड पडली, देवाच्या कामाला लाकूड पाहिजे झाले, तर गावाने जमून देवाला कौल लावायचा. कौल मिळाला तरच झाड, आणि तेही मोजून.

हे सारे अनेकांना माहीत असते. देवराईचा खरा कडक नियम मात्र याच्या पुढचा आहे. पुष्कळ ठिकाणी राईतली वाळलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. पडलेले झाड तिथेच कुजायचे. पाचोळादेखील देवाचा! चुलीला नाही, गोठ्याला नाही, राबाला नाही. कोकणात राब भाजण्यासाठी पालापाचोळ्याची किती ओढ असते हे जाणणाऱ्याला कळेल, की हा नियम पाळणे झाड न तोडण्याहून अवघड होते. तरी लोकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला.

त्याने काय साधले? कामणच्या बाजूला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो सगळा चार महिन्यांत. उघड्या जमिनीवर हा पाऊस पडला की थेंबाचा मार मातीला बसतो, मातीची भोके बुजतात, आणि गढूळ पाणी धावत खाडीला मिळते. राईत तसे होत नाही. पावसाचा पहिला मार वरची पाने झेलतात, मग खालची झुडपे, मग पाचोळ्याची गादी. त्या गादीखाली गांडूळ, वाळवी, बुरशी यांचे राज्य. त्यांनी जमीन भुसभुशीत केलेली असते, मुळांनी खोलवर वाटा पाडलेल्या असतात. पाणी सावकाश आत जिरते आणि फाल्गुन-चैत्रात झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. म्हणून राईच्या खालच्या अंगाला बारमाही झरा किंवा विहीर दिसते. झाड हे त्या कारखान्याचे धुराडे म्हणा, पण खरी गिरणी चालते ती पाचोळ्यात.

आणि झाडे तरी कोणती राखली? वड, पिंपळ, उंबर यांना आपण पवित्र मानतो. लाकूड म्हणून यांना फारसा भाव नाही. पण या जातीची झाडे वर्षाच्या अशा दिवसांतही फळतात, जेव्हा रानात दुसरे काही नसते. पाखरे, वटवाघळे, माकडे, शेकरू त्या दिवसांत यांच्यावर जगतात आणि त्यांचे बी डोंगरभर पेरतात. उंबराखाली पाणी असते असे आपले पाणाडे सांगतात. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत झाडे आणि वारुळे पाहून पाणी कसे ओळखावे यावर एक अख्खा अध्यायच लिहून ठेवला आहे. तेव्हा दत्ताच्या नावाने उंबर राखणारी आजीबाई अडाणी होती, असे म्हणताना जरा दमाने घ्यावे.

प्रवरानगरशी जुने नाते

देवराईचा हा जुना ठेवा शास्त्राच्या जगापुढे मांडण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्यांचे साखर कारखानदारीशी जवळचे नाते आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने उभा राहिला. त्याचे पहिले अध्यक्ष होते थोर अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. त्यांचे चिरंजीव माधव गाडगीळ. वडिलांनी शेतकऱ्याच्या सहकाराचा पाया घातला, तर मुलाने पुण्याच्या वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तकांबरोबर सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून पाहिल्या आणि १९७५-७६ च्या सुमारास त्यांवर शोधनिबंध लिहिले. त्यानंतर देवराई हा जगभरच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाला.

त्या काळातली श्रीवर्धनजवळच्या गाणी गावची हकिकत सांगण्यासारखी आहे. गावची राई तोडण्याचे घाटत होते. गावकऱ्यांनी धाव घेतली ती शास्त्रज्ञांकडे. त्यांची काळजी नुसती देवीच्या कोपाची नव्हती; राई गेली की गावाचा ओढा आटेल, हे त्यांना पक्के माहीत होते. श्रद्धा आणि व्यवहार अशी त्यांची दोन खाती नव्हतीच. आम्हांला वाटते, सहकाराचा आणि देवराईचा धागा इथे एक होतो. दोन्ही ठिकाणी एकच तत्त्व आहे: वस्तू सगळ्यांची, नियम सगळ्यांना सारखा, आणि उचल करायची ती गावाला विचारून.

देव पक्क्या घरात गेला

मग बिघडले कुठे? जुन्या राईतला देव बहुधा उघड्यावर असे. चार शेंदरी दगड, वर झाडाची सावली. कित्येक ठिकाणी देवीला छप्पर चालत नाही अशीच समजूत होती. देवीचे घर म्हणजे ते रानच. तेव्हा रानाला हात लावणे म्हणजे देवीच्या भिंतीला हात लावणे होते. पुढे गावात पैसा आला. त्यात उसाचाही पैसा आला, हे सांगणे न लगे. मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेल्यांनी वर्गणी पाठवली. जीर्णोद्धार निघाला. दगडांच्या जागी संगमरवरी मूर्ती, वर स्लॅब, पुढे सभामंडप, गाड्यांना जागा, भोवती फरशी. आणि हे सगळे उभे करायला जागा कुठली? राईचीच. लाकूड कुठले? पुष्कळदा राईचेच. देवीला पक्के घर मिळाले, आणि त्याच दिवशी राई बेवारस झाली.

यात कोणाची वाईट बुद्धी नसते. भक्ती खरीच असते. पण भक्तीचा पत्ता बदलतो. पूर्वी पाप लागे ते काटकी उचलल्याने. आता पुण्य लागते ते फरशी बसवल्याने. आम्हांला सांगावयाचे ते हेच, की देव रानात होता तोवर रान राहिले. देव रानातून उचलला आणि रान मागे ठेवले, तर ते टिकत नाही.

तुंगारेश्वरावर हा प्रश्न कोर्टापर्यंत गेला. अभयारण्याच्या हद्दीत उभ्या राहिलेल्या एका आश्रमाची बांधकामे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१९ साली पाडण्यात आली. पुष्कळ भाविकांना त्याचे दुःख झाले, आणि ते समजण्यासारखे आहे. पण जो देव रानाचा म्हणून मानला, त्याच्या नावाने रानात सिमेंट किती घालावे, हा प्रश्न भाविकांनी स्वतःच आधी विचारला असता, तर कोर्टाला विचारावा लागला नसता.

सणांचेही तसेच झाले आहे. गणपतीला एकवीस प्रकारची पत्री वाहण्यामागे, घरातल्या पोराबाळांनी रानात जाऊन एकवीस झाडे ओळखावीत असा लाभ तरी होता. आता पत्री पोत्यांनी शहरात येते, आणि नाव विचारले तर विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. दसऱ्याला आपट्याचे पान सोने म्हणून देतात. एका झाडाची दोन पाने देणे निराळे, आणि अख्खी फांदी तोडून बाजारात ढीग मारणे निराळे. वटपौर्णिमेला वडाकडे जायचे, तर वडच तोडून घरी आणला जातो! कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या नांगरून ठेवत. माशांच्या विणीचा काळ त्यात निभावून जाई. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असा मासेमारी बंदीचा सरकारी नियम करावा लागला आहे. सणाची खूण राहिली, सणाचे काम सुटले. मग ते काम कायद्याला करावे लागते.

वसईतच याची चांगली बाजूही दिसते. कामणच्या पश्चिमेला समुद्राकडचा पट्टा म्हणजे केळी, पानवेली, फुले यांची बागायत. एके काळी तिथे ऊसही होई. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या विहिरींचे पाणी टँकरने बांधकामांसाठी जाऊ लागले आणि गोड्या विहिरी मचूळ होण्याची भीती उभी राहिली. तेव्हा हरित वसईची चळवळ उठली. तिचे नेतृत्व केले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी, आणि सर्व जातिधर्मांचे लोक तीत उतरले. पुढे हेच दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. विहीर आटते तेव्हा ती धर्म विचारून आटत नाही, हे वसईकरांनी ओळखले.

आता आपला फड

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. कामणचा डोंगर आणि आपला ऊस यांचा संबंध काय? देवराईत जे पाचोळा करतो, तेच काम उसात पाचट करते. तोड झाली की एक हेक्टरात साधारण आठ ते दहा टन पाचट पडते. त्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास नत्र, थोडा स्फुरद, एक टक्क्याच्या आसपास पालाश, आणि तीसहून अधिक टक्के सेंद्रिय कर्ब. हे सोने! आणि अजूनही काही फडांत तोड संपली की संध्याकाळी काडी लागते. नत्र धुरात जाते, जमिनीतले जिवाणू भाजतात, गांडूळ मरते, बांधावरचे झाड होरपळते, कधी शेजाऱ्याचा उभा ऊसही जातो. पलीकडे त्याच घरात देवराईतली काटकी चुलीला लावायची नाही, हा नियम मात्र पाळला जात असतो. याला काय म्हणावे?

पाचट ठेवणे अवघड नाही. तोडणीनंतर पाचट सरीत दाबून पसरावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत, आणि हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. जमीन झाकली की तण कमी, ओल जास्त दिवस, आणि पाण्याची एखादी पाळी वाचते. उन्हाळ्यात ती एक पाळी म्हणजे काय, हे आम्ही तुम्हांला सांगायला नको. खोडव्याला तर हे अमृतच.

राहिला प्रश्न कारखान्यांचा. साखर कारखाने आणि आसवन्या यांचे सांडपाणी नदीत जाते, असा आक्षेप या धंद्यावर नेहमी येतो. काही नद्यांच्या बाबतीत तो खोटा नाही. सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याची यंत्रणा बसवणे हे जसे कायद्याचे काम, तसे ती रात्रंदिवस चालू ठेवणे हे सचोटीचे काम. संचालक मंडळाला हे विचारण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे, आणि वार्षिक सभा त्यासाठीच असते.

करता येण्याजोगे

आपल्या कार्यक्षेत्रातही डोंगरकडेच्या गावांत राया आहेत. कुठे पाच-दहा झाडांचा म्हसोबा उरला असेल, कुठे मोठे बन असेल. त्यांच्यासाठी चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, नोंद. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्यानुसार गावच्या समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुष्कळ ठिकाणी ती कपाटात असते. ती काढावी आणि तीत राईची हद्द, झाडे, झरे, देवाचे नाव आणि जुने नियम लिहून घ्यावेत. म्हातारी माणसे आहेत तोवरच हे होईल.

दुसरी, संरक्षण. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे येथे पाणथळ जागेतली दुर्मीळ रानजायफळाची झाडे देवराई म्हणून लोकांनी जपली होती. २०२१ साली सरकारने त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. गावाने राखले, सरकारने शिक्का मारला. हा मार्ग आपल्या गावांनाही मोकळा आहे.

तिसरी, जीर्णोद्धार. देऊळ बांधू नका असे आम्ही म्हणत नाही. बांधा, पण राईबाहेर बांधा, किंवा आहे तेवढ्याच चौथऱ्यावर बांधा. वर्गणीतला काही भाग रोपांना आणि त्यांच्या राखणीला काढा. रोपेही गुलमोहर-निलगिरीची नकोत. राईत जी होती तीच, उंबर, जांभूळ, आंबा, बेल, बेहडा.

चौथी, यात्रा. तुंगारेश्वर असो, भीमाशंकर असो की आपल्या गावचा भैरोबा; देवाला जाताना नेलेली प्लॅस्टिकची पिशवी परत आणणे हाही पूजेचाच भाग धरावा. वहाण बाहेर काढणाऱ्याला हे जड जाऊ नये.

आपल्या पूर्वजांजवळ ना प्रयोगशाळा होती, ना उपग्रहाची चित्रे. पाणी कुठे मुरते हे त्यांनी पायी चालून ओळखले, आणि ते राखायला पोलीस परवडत नव्हता म्हणून तिथे देव बसवला. त्या देवाने आपले काम चोख केले. आता त्याच्या नावाने फक्त नारळ फोडायचा, की त्याचा नियमही चालवायचा, हे आपल्या हाती आहे. येत्या गळीत हंगामात ज्यांचा फड तुटेल, त्यांनी काडी पेटवण्याआधी एवढा एक विचार करावा: देवराईत ज्याला आपण हात लावत नाही, तीच वस्तू आपल्या शेतात पडली आहे. ती देवाचीच समजून तिथेच राहू द्यावी.